‘सर्वात जुना क्लब’ कशाला म्हणावे? कोलकात्याचा पोलो क्लब आणि आमचे पटमंडळ

पटाचा चिटणीस (तालुका धामणगाव रेल्वे, जि. अमरावती)

सर्वांना नमस्कार.

आमच्या गावात पूर्वापार शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, भरतो. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे तो बंद पडला, डिसेंबर 2021 मध्ये पुन्हा परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरल्यावर मंडळाच्या जिवात जीव आला. त्या आनंदात पंचमंडळींनी स्मरणिका काढण्याचे ठरवले आणि मी निवृत्त शिक्षक असल्यामुळे ते काम माझ्या गळ्यात पडले.

गावातल्या तरुण मुलांनी स्मरणिकेसाठी जो मजकूर आणून दिला, त्यात एक वाक्य असे आहे : ‘1862 साली स्थापन झालेल्या कोलकात्याच्या पोलो क्लबाप्रमाणेच आमचे मंडळ हेही जगातील सर्वात जुन्या क्रीडासंस्थांपैकी एक आहे.’ आधार काय, असे विचारले तर ‘गुरुजी, आपला पट त्याच्याही आधीचा आहे, आजोबा सांगत होते’, एवढेच उत्तर मिळाले. (पोलो म्हणजे घोड्यावर बसून काठीने चेंडू मारण्याचा खेळ. बैठकीत एका ज्येष्ठांनी तो शब्द ‘पोळा’ असा ऐकला आणि कोलकात्यात पोळा केव्हापासून भरू लागला, यावर दहा मिनिटे चर्चा चालली.)

आजोबांचे म्हणणे खोटे नसेलही. परंतु आमच्याकडे कागद नाही. मंडळाची जुनी वही वाळवीने खाल्ली. वडिलांच्या काळात पितळेची एक फिरती ढाल होती. ती एका वर्षी जिंकणाऱ्या जोडीच्या मालकाकडे गेली आणि पुढे भावकीच्या भांडणात अडकली, ती परत आलीच नाही. बंदीच्या सात वर्षांत मंडळाची एकही बैठक झाली नाही, हेही कबूल केले पाहिजे. अशा स्थितीत ‘सर्वात जुने’ हे शब्द छापायला माझा हात धजत नाही.

म्हणून जाणकारांना विचारतो. त्या पोलो क्लबाचे वय कशावरून ठरवतात? खेळ क्लबाच्या आधीपासून होता की क्लबाने तो सुरू केला? राजेरजवाडे गेले, घोडदळे गेली, तरी ही संस्था टिकली कशी आणि वर्षभर ती करते तरी काय? यातून आमच्यासारख्या मंडळाने घेण्यासारखे काही असेल तर तेही सांगावे.

मैदानावरचा वऱ्हाडी (सध्या मु. पो. दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

गुरुजी, नमस्कार. नोकरीच्या निमित्ताने माझी बावीस वर्षे कोलकात्यात गेली आणि हिवाळ्यातल्या कित्येक रविवारी दुपारी मी मैदानाच्या कडेला उभे राहून हा खेळ पाहिला आहे. आत खुर्च्या मांडलेल्या असत, तिथे बसण्याचा प्रसंग माझ्यावर कधी आला नाही. त्यामुळे जे सांगतो ते काही पाहिलेले, काही तिथल्या जुन्या लोकांकडून ऐकून मग वाचून पडताळलेले आहे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच आहे. क्लबाने खेळ सुरू केला नाही. खेळ मणिपूरचा. तिथे त्याला ‘सगोल कांगजै’ म्हणतात. सगोल म्हणजे घोडा. इंफाळच्या मैदानांवर तो शतकानुशतके खेळला जात होता आणि राजापासून साध्या गावकऱ्यापर्यंत ज्याच्याकडे तट्टू असेल तो उतरत असे. मग हा खेळ इंग्रजांच्या नजरेस मणिपूरबाहेर कसा पडला? त्यामागे एक दुःखाची गोष्ट आहे. 1819 ते 1826 या सात वर्षांत ब्रह्मदेशाच्या सैन्याने मणिपूर अक्षरशः उजाड केले. राजघराण्यातील माणसांसह हजारो लोक जीव मुठीत धरून पश्चिमेकडे, आजच्या आसाममधील कछार भागात आले. येताना जे थोडे बरोबर आणता आले, त्यात घोडे होते आणि हा खेळ होता. शांतता झाल्यावर काही परतले, काही तिथेच वसले आणि कछारच्या मोकळ्या जागांवर पुन्हा खेळू लागले.

पुढे कछार कंपनी सरकारच्या ताब्यात आला, 1850 च्या दशकात तिथे चहाचे मळे उभे राहू लागले. त्या वेळी रॉबर्ट स्ट्युअर्ट हे तिथले प्रशासक होते आणि जोसेफ शेरर हे त्यांच्या हाताखालील तरुण लष्करी अधिकारी. या दोघांनी मणिपुरी लोकांचा खेळ पाहिला, त्यांच्याकडून तो शिकून घेतला आणि मळेवाल्यांना जमवून 1859 मध्ये सिल्चर येथे क्लब काढला. म्हणजे क्लब या अर्थाने पहिला मान सिल्चरचा. कोलकात्याचा क्लब त्यानंतर तीन वर्षांनी, 1862 मध्ये निघाला आणि त्याच्या स्थापनेतही याच दोघांची नावे घेतली जातात. शेरर यांनी मणिपुरी खेळाडूंचा एक संघ तट्टांसह कोलकात्यात नेऊन शहराला हा खेळ दाखवला होता. त्यांना पुढे ‘आधुनिक पोलोचे जनक’ म्हटले गेले. ज्यांच्याकडून ते शिकले त्या मणिपुरी खेळाडूंची नावे मात्र त्या मानाने फारच थोड्यांच्या ओठांवर आली.

आता वय. ‘जगातील सर्वात जुना पोलो क्लब’ असे जे म्हणतात, त्यात ‘आजही अस्तित्वात असलेला’ हे शब्द अध्याहृत असतात. ते गाळले तर वाक्य खोटे ठरते, कारण सिल्चर आधीचा आहे. तुमच्या मुलांच्या वाक्यात नेमके तेच शब्द राहून गेले आहेत.

आणि टिकण्याचे म्हणाल, तर माझ्या मते पहिले कारण जागा. कोलकाता 1911 पर्यंत इंग्रजी राज्याची राजधानी होती. हिवाळ्यात व्हाइसरॉय, संस्थानिक, पलटणींचे अधिकारी, ताग आणि चहाचे व्यापारी असे सगळे एकाच शहरात येत, त्यामुळे खेळाडूही मिळत, घोडेही मिळत आणि पाहणारेही मिळत. त्यात शहराच्या मध्यभागी लष्कराच्या अखत्यारीतले विस्तीर्ण मैदान मोकळे राहिले. आजही सामने रेसकोर्सच्या आतल्या हिरवळीवर होतात आणि मागे व्हिक्टोरिया मेमोरियलचा घुमट दिसतो. गावातल्या पटाची जागा कोणाच्या तरी वावरात असते आणि त्याने एका वर्षी तिथे तूर पेरली की पट हलवावा लागतो, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

दुसरे कारण चषक. 1880 मध्ये सुरू झालेला एझ्रा चषक हा पोलोतील सर्वात जुना चषक मानला जातो आणि तो या क्लबाकडे आहे. चषक एकदा ठेवला की तो कोणीतरी दरवर्षी जिंकावा लागतो. तो जिंकण्यासाठी स्पर्धा भरवावी लागते, स्पर्धेसाठी नियम लागतात, नियमांसाठी वही लागते. 1892 मध्ये देशभरातल्या खेळासाठी इंडियन पोलो असोसिएशन स्थापन झाली आणि 1900 पासून तिची अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली. तेव्हा कोलकात्याचा हिवाळी हंगाम आधीच बसलेला होता. तुमची ढाल भावकीत अडकली हे वाचून मला हेच आठवले.

तुरीचा शेतकरी (जि. अकोला)

लेखन वाचले, माहिती चांगली आहे. परंतु मूळ मुद्दा मला पटत नाही. एका खेळाडूला चार-चार घोडे लागणारा हा खेळ आहे आणि आपल्याकडे एक बैलजोडी सांभाळताना माणूस मेटाकुटीस येतो. ज्यांना चंदी-वैरणीची फिकीर नाही त्यांचे क्लब टिकणारच, त्यात शिकण्यासारखे काय आहे? गुरुजींनी ते वाक्य सरळ काढून टाकावे आणि जोड्यांचे फोटो मोठे छापावेत.

निवृत्त दफेदार (तालुका चिखली, जि. बुलढाणा)

राम राम. मी 61 व्या कॅव्हलरीत नोकरी केली. संस्थानांच्या घोडदळांतून जे शिल्लक राहिले ते एकत्र करून 1953 मध्ये ही रेजिमेंट उभी राहिली आणि तिच्यात राजपूत, कायमखानी आणि मराठा अशा जवानांची भरती होत आली आहे. आमच्या भागातून मी त्या काळी एकटाच होतो. पोलो मी स्वतः सामन्यात खेळलो नाही, पण पोलोचे घोडे तयार करण्यात आयुष्याची चांगली वर्षे गेली. म्हणून अकोल्याच्या दादांना आधी उत्तर देतो.

दादा, पैशाचे तुमचे म्हणणे अगदी बरोबर आहे. संस्थाने विलीन झाल्यावर आणि घोडदळांत रणगाडे आल्यावर हा खेळ देशात जवळजवळ बसलाच होता. तो सावरला त्यात फौजेचा वाटा मोठा आहे, कारण फौजेकडे घोडा होता, नालबंद होता, पशुवैद्य होता आणि पहाटे उठून खरारा करणारे हात होते. मैदानावर जे आठ जण दिसतात त्यांची नावे वर्तमानपत्रात येतात. त्यांच्या मागे तबेल्यात तीस-चाळीस माणसे राबत असतात आणि ती बहुतेक तुमच्या-माझ्यासारख्या शेतकऱ्यांच्या घरची असतात. क्लबाचे वर्षभराचे काम काय, असे गुरुजींनी विचारले आहे. ते हेच. सामने हंगामात काही आठवडे होतात, बाकीचे महिने घोडा घडवण्यात आणि जमीन राखण्यात जातात.

खेळ समजून घेतला की हे लक्षात येईल. पूर्ण मापाचे मैदान 300 यार्ड लांब आणि 160 यार्ड रुंद असते, म्हणजे जवळपास दहा एकरांचे सलग, सपाट, बारीक हिरवळीचे वावर म्हणा. त्यात एक खड्डा राहिला तरी घोड्याचा पाय मोडू शकतो. म्हणून मध्यंतरात प्रेक्षकसुद्धा मैदानात उतरून टापांनी उखडलेली ढेकळे पायांनी दाबून बसवतात. दोन्ही टोकांना 8 यार्डांच्या अंतरावर दोन-दोन खांब असतात. बाजूला चार-चार स्वार. खेळाच्या एका तुकड्याला साऱ्या जगात ‘चक्कर’ म्हणतात. शब्द आपला आहे, इंग्रजांनी तो ‘चकर’ करून नेला. चक्कर सात मिनिटांची असते, घंटा झाल्यावर चेंडू चालू असेल तर आणखी जास्तीत जास्त अर्धा मिनिट खेळ चालतो. सामना चार, सहा किंवा आठ चकरांचा.

घोडे इतके का लागतात, तर तोच घोडा लागोपाठ दोन चकरांत उतरवत नाहीत. सात मिनिटे भरधाव पळणे, जागीच थांबणे, उलट फिरणे आणि दुसऱ्या घोड्याला खांदा भिडवणे यात त्याचा दम संपतो. त्याला विश्रांती देणे हा नियम आहे, कोणाची मेहरबानी नव्हे. काठी अडकू नये म्हणून आयाळ उतरवतात आणि शेपूट गुंडाळून बांधतात, पायांना पट्ट्या बांधतात. काठी उजव्याच हातात धरायची. डावखुऱ्याला सूट नाही, कारण समोरासमोर येणारे दोन स्वार वेगवेगळ्या हातांनी मारू लागले तर टक्कर ठरलेली. आणि सर्वात मोठा नियम चेंडूच्या रेषेचा. चेंडू ज्या रेषेत चालला आहे, तिच्यावर ज्याचा हक्क आहे त्याच्या वाटेत आडवे जायचे नाही. पंच घोड्यावर बसून सर्वात जास्त वेळा शिटी वाजवतो ती यासाठीच.

गुरुजींच्या मंडळाला उपयोगी पडेल अशी एक गोष्ट मात्र खास सांगतो, ती म्हणजे हँडिकॅप. प्रत्येक खेळाडूला त्याच्या कसबाप्रमाणे उणे 2 पासून 10 पर्यंत गोलांचा दर्जा दिलेला असतो. चौघांची बेरीज म्हणजे संघाचा दर्जा. समजा एक संघ 12 चा आणि दुसरा 8 चा आहे. फरक 4. सामना चार चकरांचा असेल तर 4 गुणिले 4 भागिले 6, म्हणजे दोन गोल आणि वर अपूर्णांक. अपूर्णांक कितीही असला तरी तो अर्धा धरतात. म्हणजे दुबळा संघ खेळ सुरू होण्याआधीच अडीच गोलांनी पुढे असतो. त्यामुळे नवख्यालाही जिंकण्याची आशा राहते आणि बलाढ्याला शेवटच्या चकरीपर्यंत घाम गाळावा लागतो. पटात गट पाडतात ते काहीसे असेच, पण दर्जा ठरवायचा तर मागच्या वर्षांच्या नोंदी हव्यात. नोंद नसेल तर दर्जा नाही.

जाता जाता : जयपूरचे महाराज सवाई मानसिंग यांच्या संघाने 1933 मध्ये इंग्लंडच्या हंगामातील सर्व प्रमुख खुल्या स्पर्धा जिंकल्या होत्या आणि 1957 मध्ये फ्रान्समधील दोव्हील येथे भारताने जागतिक विजेतेपद मिळवले. आमच्या तबेल्यात ही नावे ज्ञानोबा-तुकोबांच्या आदराने घेतली जात.

गुरांचा डॉक्टर (जि. वाशीम)

दफेदारसाहेबांनी घोड्याची बाजू मांडली, त्यामुळे माझे काम हलके झाले. मी पशुवैद्यक आहे आणि पटाच्या दिवशी जोड्यांना प्रमाणपत्रे देण्याचे काम दरवर्षी करतो. मला दोन गोष्टी जोडायच्या आहेत आणि एका ठिकाणी थोडा मतभेद नोंदवायचा आहे.

मतभेद यवतमाळच्या भाऊंशी आहे. सिल्चर आधी की कोलकाता, हा वाद क्लबांचा आहे. मणिपूरच्या बाजूने पाहिले तर तो वादच उरत नाही. तिथे या खेळासाठी नोंदणी झालेली संस्था नव्हती, पण व्यवस्था पक्की होती. खेळाचा आणि घोड्याचा देव ‘मार्जिंग’ आहे, राजवाड्याच्या आत राजघराण्याचे आणि बाहेर लोकांचे अशी वेगवेगळी मैदाने ठरलेली होती आणि इंफाळमधील बाहेरचे मैदान, मापाल कांगजैबुंग, आजही वापरात आहे. बाजूला सात खेळाडू, बांबूच्या मुळापासून केलेला चेंडू, वेताची काठी. गोलाचे खांब नाहीत, चेंडू समोरच्या शेवटच्या रेषेपार गेला की गोल. चार खेळाडू, खांब, चकरांची घंटा, दर्जाची बेरीज हे सगळे नंतरचे. इंग्रजांनी खेळ नेला, तो 1860 च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडात पोहोचला, 1870 च्या दशकात तिथे त्याचे नियम छापले गेले आणि छापलेले नियम मूळ गावी परत आले तेव्हा मूळ खेळ ‘पारंपरिक प्रकार’ ठरला. ‘पोलो’ हे नावसुद्धा मणिपूरचे नाही. ते बाल्टिस्तानकडच्या ‘पुलु’, म्हणजे चेंडू, या शब्दावरून आले. गुरुजी, क्लबाचे वय आणि खेळाचे वय यांची गल्लत झाली की शेवटी खेळणाऱ्यांचेच नाव पुसले जाते. म्हणून स्मरणिकेत पटाचे वय वेगळे आणि मंडळाचे वय वेगळे लिहावे, असे मला वाटते.

पहिली जोड अशी, की उत्तर हिंदुस्थानात याच खेळाचा भाऊ ‘चौगान’ या नावाने आधीपासून होता. सुलतान कुतबुद्दीन ऐबक 1210 मध्ये लाहोरला चौगान खेळताना घोड्यावरून पडून मेला. अकबराला त्याचा इतका नाद होता, की तो अंधाऱ्या रात्रीही खेळत असे. अबुल फझलने ‘आईन-ए-अकबरी’त लिहून ठेवले आहे, की रात्रीच्या खेळासाठी पेटते चेंडू वापरत आणि ते पळसाच्या लाकडाचे असत, कारण ते लाकूड हलके असते आणि बराच वेळ जळत राहते. हे वाचल्यापासून फाल्गुनात धुऱ्यावरचा पळस पेटलेला दिसला की मला आग्र्याचे ते मैदान आठवते. आपल्याकडे पळसाला पाने तीनच म्हणतात, उपयोग मात्र बरेच निघाले.

दुसरी जोड जनावराची. क्लब टिकले, चषक टिकले, पण ज्या तट्टावर हा खेळ जन्मला ते मणिपुरी तट्टू आज संकटात आहे. उंचीला साधारण 11 ते 13 मुठी (एक मूठ म्हणजे चार इंच), काटक, चपळ आणि थोड्या चाऱ्यावर भागवणारे हे जनावर 2012 च्या पशुगणनेत जेमतेम 1100 च्या आसपास भरले. ही तट्टे इंफाळभोवतीच्या पाणथळ कुरणांत मोकळी चरत. मणिपुरी भाषेत अशा तळ्याला ‘पाट’ म्हणतात, लाम्फेलपाट हे त्यांतले प्रसिद्ध. शहर वाढले, पाट बुजले, कुरण गेले आणि तट्टे रस्त्यावर कचरा हुंगताना दिसू लागली. दफेदारसाहेबांच्या तबेल्यातले घोडे उंच, थरोब्रेड (शर्यतीच्या घोड्यांची जात) रक्ताचे. तट्टू त्यांच्यापुढे लहान पडते, म्हणून मोठ्या स्पर्धांतून ते केव्हाच मागे पडले होते.

हे आपल्यालाही लागू आहे. शंकरपट बंद होता त्या वर्षांत आमच्या भागात चांगल्या पळाऊ गोऱ्ह्यांना गिऱ्हाईक उरले नव्हते. लोकांनी जोड्या मोडल्या, ट्रॅक्टर घेतले. परवानगी परत आल्यावर आता पैसा पुन्हा आला आहे, पण तो ठरावीक जोड्यांभोवती फिरतो. नियमांनी आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, आमची तपासणी, 1000 मीटरांची मर्यादा आणि चाबूक-पराणीला मनाई घातली आहे. काही मंडळींना तो जाच वाटतो. पोलोत घोड्याला चक्कर सोडून विश्रांती देण्याचा नियम कोणी जाच मानत नाही.

एक आठवण राहिली. ऑलिंपिकमध्ये पोलो शेवटचा खेळला गेला तो 1936 मध्ये बर्लिनला. त्याच ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने तिथे कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके केली होती. ते मंडळ 1914 मध्ये स्थापन झाले आणि आजही चालू आहे. जुन्या संस्थेचे उदाहरणच द्यायचे असेल तर मुलांना कोलकात्यापर्यंत जाण्याची गरज नव्हती, एसटीने तासाभरात पोहोचता आले असते.

तुरीचा शेतकरी (जि. अकोला)

दफेदारकाका, तबेल्यातल्या माणसांविषयी जे लिहिले ते मला ठाऊक नव्हते, ‘त्यात शिकण्यासारखे काय आहे’ हे माझे वाक्य मी मागे घेतो. फोटो मोठे छापावेत, हे मत मात्र कायम आहे. एक शंका : अडीच गोल आधीच दिले तर बरोबरी कशी होणार?

निवृत्त दफेदार (तालुका चिखली, जि. बुलढाणा)

अर्ध्या गोलामुळे बरोबरी सहसा होतच नाही, म्हणून तर तो धरतात. अर्धा गोल मैदानावर मारता येत नाही, पण सामना निकालात काढतो. हँडिकॅपशिवाय, खुल्या स्पर्धेत बरोबरी झाली तर जादा चक्कर खेळवतात.

पटाचा चिटणीस (तालुका धामणगाव रेल्वे, जि. अमरावती)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री ही सर्व उत्तरे मी बैठकीत मोठ्याने वाचून दाखवली. पळसाच्या चेंडूची गोष्ट दोनदा वाचावी लागली.

वाक्य काढून टाकले आहे. डॉक्टरसाहेबांच्या सूचनेप्रमाणे आता दोन वेगळे परिच्छेद असतील. पटाविषयी, ‘गावातील वृद्धांच्या सांगण्यानुसार’ असे स्पष्ट लिहून, ऐंशीच्या पुढच्या पाच जणांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत घेतो. मंडळाविषयी, ज्या वर्षापासूनची पावतीपुस्तके सापडली त्या वर्षापासूनच. बंदीची सात वर्षे कोरी होती, तीही तशीच दाखवणार आहे. यावर तरुण मंडळी थोडी हिरमुसली, कारण पावतीपुस्तके त्यांच्या अपेक्षेपेक्षा बरीच अलीकडची निघाली.

वऱ्हाडी भाऊंनी जागेविषयी लिहिले ते फार लागले. गेल्या वीस वर्षांत आमची धावपट्टी तीनदा हलली, असे हिशेब केल्यावर लक्षात आले. गावठाणालगतची ई-क्लासची (सरकारी चराईची) जमीन ग्रामसभेत ठराव करून पटासाठी आणि बाकी वर्षभर मुलांच्या मैदानासाठी ठेवता येईल का, याची चौकशी करायला दोघांना तहसीलमध्ये पाठवले आहे.

ढालीची बातमी अशी. बैठकीत विषय निघताच त्या घरचा नातू उभा राहिला आणि म्हणाला, की ढाल आहे, माळ्यावर आहे, पण दोन्ही काकांची सही असल्याशिवाय ती देता येणार नाही. सहीचा कागद कसा असावा हे आता मला लिहायचे आहे. दफेदारसाहेब, फिरता चषक देताना विजेत्याकडून आपल्याकडे जे लिहून घेत असत, त्यातले शब्द आठवत असतील तर कृपया पाठवावेत. तारीख, कोणत्या अवस्थेत दिला, कोणत्या तारखेपर्यंत परत, आणि हरवल्यास काय, एवढे तरी त्यात असावे असे मला वाटते.

निवृत्त दफेदार (तालुका चिखली, जि. बुलढाणा)

गुरुजी, आमच्याकडे फिरता चषक विजेत्याच्या घरी जातच नसे. तो कार्यालयातल्या काचेच्या कपाटात राही, त्यावर नाव कोरले जाई आणि विजेत्याला नेण्यासाठी त्याची लहान प्रतिकृती मिळे. तुम्हीही तसेच करावे. दोन्ही काकांना ढालीवर वडिलांचे नाव कोरलेले दिसू द्या, मग सहीला अडचण येणार नाही. कागदाचा मसुदा मी दोन दिवसांत लिहून पाठवतो.